विचारणारा शेजारी आणि सांगणारा भाविक



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : कॅथलिक श्रद्धा रोजच्या आयुष्यात जगणं आणि ती दुसऱ्याला सांगणं. हा विषय या माणसाकडे कसा, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. मी कॅथलिक नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि धर्माचं तत्त्वज्ञान हा त्यातला एक पेपर होता, एवढीच माझी शिदोरी. पण श्रद्धा सांगणारा एक असतो आणि ऐकणारा दुसरा असतो. सांगणं नीट झालं की नाही याचा निवाडा ऐकणाराच करू शकतो. मी आज ऐकणाऱ्यांच्या बाकावरून बोलणार आहे. दोन मराठी लेखकांच्या आधाराने बोलेन. एक सतराव्या शतकाच्या आरंभीचे, दुसरे आपल्याच काळातले.

सुरुवात एका लोकप्रिय समजुतीपासून करू. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य खपतं. सतत सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा, अशा अर्थाचं ते आहे. त्याच्या लेखनात किंवा त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांत हे वाक्य सापडत नाही. आणि हा माणूस स्वतः गावोगाव भरपूर बोलत हिंडलेला! तरीही ते वाक्य टिकलं, कारण ते सगळ्यांना सोयीचं आहे. भाविकाला सोयीचं, कारण बोलायचा संकोच वाचतो. आपल्यासारख्या शेजाऱ्याला सोयीचं, कारण ऐकायची तसदी वाचते. तुम्ही चांगले वागा, आम्ही तुम्हाला चांगले म्हणतो, विषय मिटला.

पण कॅथलिक ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका इतकी सोपी नाही. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी सुवार्तेच्या घोषणेवर एक दीर्घ पत्र लिहिलं. त्याचं लॅटिन नाव 'एवांजेली नुन्सिआंदी'. त्यात ते जगण्याच्या साक्षीला पहिलं स्थान देतात. काही माणसं आपल्यात राहतात, आपल्यासारखीच कष्ट करतात, आणि त्यांच्या वागण्याने बघणाऱ्याच्या मनात प्रश्न उभे राहतात : ही माणसं अशी का जगतात? इथून सुरुवात होते, असं ते म्हणतात. पण लगेच पुढच्या परिच्छेदात सांगतात की उत्तमातली उत्तम साक्षसुद्धा पुढे अपुरी पडते, जर तिचं कारण कोणी उलगडून सांगितलं नाही. म्हणजे क्रम बघा : आधी जगणं, मग बघणाऱ्याचा प्रश्न, मग शब्द. मधला टप्पा शेजाऱ्याचा आहे. आपण बहुतेक वेळा तोच वगळतो. काही जण प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतात आणि काही जण प्रश्न आला तरी गप्प बसतात.

आता थोडं आपल्या घरच्या तत्त्वज्ञानाकडे वळू. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलेलं आहे. कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त कोण? न्यायभाष्यकार वात्स्यायन, कामसूत्रवाले नव्हेत बरं का, आप्ताचं लक्षण सांगतात. ज्याने गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते एक विलक्षण गोष्ट जोडतात : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे शब्द विश्वसनीय आहे की नाही हे बोलणाऱ्याच्या कुळावरून, धर्मावरून ठरत नाही. दोनच गोष्टी बघायच्या. याने स्वतः अनुभवलंय का? आणि हा जसंच्या तसं सांगतोय का? श्रद्धा जगणं ही पहिली अट झाली, श्रद्धा सांगणं ही दुसरी. आजच्या बोलण्यात हीच कसोटी मी वापरणार आहे. तिला एक पुरवणी जोडतो : ऐकणारा मोकळा आहे का? कारण आप्तसुद्धा जर हातात काठी घेऊन बोलू लागला, तर त्याचा शब्द प्रमाण राहत नाही, हुकूम होतो.

ही कसोटी घेऊन आपण आधी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'कडे जाऊ.

स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे चाळीस वर्षं इथे राहिले, त्यातली बरीचशी साष्टीत. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, दोन भाग : पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. आरंभी मराठी भाषेची थोरवी गाताना ते मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमा देतात. आपण मराठी लोक तेवढ्या ओव्या भाषादिनाला काढतो आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवतो. परक्याने केलेलं कौतुक आपल्याला आवडतं, त्यात वावगं काही नाही. पण ते पुराण भाषेची स्तुती करण्यासाठी लिहिलेलं नाही. ते श्रद्धा सांगण्यासाठी लिहिलेलं आहे, आणि वाचायचं तर त्या अंगाने वाचायला हवं.

त्याची सुरुवातच बघा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना दोत्रिन शिकवणं चाललंय. दोत्रिन म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की तुम्ही आम्हाला दोत्रिन दिलीत, पण आमची आधीची पुराणं तर बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही? या प्रश्नातून अख्खा ग्रंथ जन्माला येतो. पुढेही कथा एकसलग चालत नाही. मधूनमधून श्रोते शंका काढतात, गुरू उत्तर देतो, मग पुन्हा कथा.

वाङ्मयदृष्ट्या ही पुराणाची, कीर्तनाची ओळखीची रीत आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या प्रश्नकर्त्याला माहीत आहे की दोत्रिनीने घर चालत नाही. प्रश्नोत्तरं पाठ होतात, पण दुपारी ओटीवर बसून ती कोणी ऐकत नाही. घराला कथा लागते, ताल लागतो, बायकापोरांच्या ओठावर बसेल असा छंद लागतो. श्रद्धा जगण्यात उतरायची तर तिला घरातली भाषा मिळायला हवी. स्टीफन्सनी हे ओळखलं आणि ओवी घेतली. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. जिथे आपला शब्द चालणार नाही असं वाटलं, तिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवतात. ही निवड करणारा माणूस नुसता भाषांतर करत नव्हता. ऐकणाऱ्याच्या कानात कुठला शब्द काय जागा करील, याचा तो हिशेब करत होता. ते पुराण पिढ्यान्पिढ्या गायलं गेलं ते यामुळे.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय ही समीक्षा प्रामाणिक होणार नाही.

तो ब्राह्मण म्हणतो की आमची पुराणं गेली. ती आपोआप गेली नव्हती. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. जुन्या धर्माचे ग्रंथ, सण, विधी यांवर राजसत्तेने बंदी आणली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोक खवळले आणि पाच जेझुइट मारले गेले. पाठोपाठ पोर्तुगीजांनी गावावर सूड घेतला. स्टीफन्स या सगळ्याच्या जवळ होते. म्हणजे ग्रंथाच्या तोंडाशी असलेला तो सुंदर प्रश्न एका रिकाम्या झालेल्या कपाटातून आलेला आहे. आणि ते कपाट रिकामं करणारी सत्ता व उत्तर देणारा गुरू एकाच बाजूला उभे आहेत.

मग 'ख्रिस्तपुराण' खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. आप्ताच्या दोन्ही अटी स्टीफन्स पुऱ्या करतात. जे सांगतात ते स्वतः मानतात, त्यासाठी आयुष्य इथे घालवतात, आणि भेद लपवत नाहीत. तुमचं नि आमचं सारखंच आहे, असं खोटं गोड ते बोलत नाहीत. पण माझी पुरवणीची अट मोडते. ऐकणारा मोकळा नाही. त्यामुळे त्या ग्रंथातला श्रोता शंका काढतो खरा, पण शेवटी पटलं नाही असं म्हणून उठून जाण्याची त्याला मुभा नाही. मला त्या पुराणात सगळ्यात जास्त जाणवते ती ही न लिहिलेली ओवी : उठून गेलेल्या श्रोत्याची.

इतकी शतकं गेल्यावर हा दोष ख्रिस्तसभेनेच मान्य केल्यासारखं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सक्ती करता येत नाही, आणि सांगतानासुद्धा दडपण येईल किंवा गरिबाच्या, अशिक्षिताच्या अडचणीचा फायदा घेतला जाईल असं वागू नये, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे धर्मांतरावर रोज वाद घालणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंनी, हा मजकूर एकदा तरी वाचावा.

आता गोव्याहून उत्तरेला येऊ, वसईला. कारण सत्ता गेल्यावर श्रद्धेचं काय होतं, याचा नमुना तिथे आहे.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. दोनशे वर्षांची राजसत्ता एका मोहिमेत संपली. पाठीशी राज्य नाही, शेजारी हिंदू, मुसलमान, आणि वर मराठ्यांचा अंमल. अशा वेळी श्रद्धा टिकली ती घरांत. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, यांच्या घरात संध्याकाळी जपमाळ होत राहिली. गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभा राहिला. बायकांनी लाल लुगडं सोडलं नाही, बोली सोडली नाही. केळी सुकवून सुकेळी करणं, फुलं नि भाजी मुंबईला पोचवणं हे चालू राहिलं. बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही की इथे प्रपंच कुठे संपतो आणि परमार्थ कुठे सुरू होतो.

एक शब्द सांगतो. धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या साध्या भाविकाला मराठी कॅथलिक 'प्रापंचिक' म्हणतात. संतसाहित्य वाचलेल्या माणसाला हा शब्द थांबवतो. आपल्याकडे प्रपंच आणि परमार्थ यांची ओढाताण किती जुनी आहे! आणि १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने ठासून सांगितलं की पावित्र्य ही काही धर्मगुरूंची मक्तेदारी नाही, प्रत्येक भाविकाला त्याचं बोलावणं आहे. म्हणजे प्रपंचातच परमार्थ. आपल्या वारकऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

याच वसईतून आले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म १९४२, नंदाखाल. १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. 'सुबोध बायबल' हे त्यांचं मोठं काम. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. निवड झाल्यावर एका धर्मगुरूला हा मान कशाला, असा विरोधही झाला. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

स्टीफन्सना लावलेली कसोटी त्यांनाही लावू. ऐकणारा मोकळा आहे का? पूर्णपणे. 'सुवार्ता' कोणी वर्गणी भरून घेतलं तर घेतलं, नाहीतर नाही. स्वतः अनुभवलेलं आहे का? आहे. वसईतलं पाणी, हिरवा पट्टा, गुंडगिरी हे प्रश्न आले तेव्हा ते हरित वसईच्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर आले. तिथेही पोप पॉल म्हणतात तेच घडलं : लोकांनी विचारलं की पाद्रीला हे उद्योग कशाला? आणि त्या प्रश्नाला त्यांनी आपल्या लेखणीने उत्तर दिलं की देवावर प्रेम करायचं तर शेजाऱ्याच्या विहिरीचीही काळजी करावी लागते. मराठीतलं चांगलं ललित-वैचारिक गद्य त्यांच्याकडून आलं, ते साधं आहे, आर्जवी आहे.

पण दिब्रिटोंच्या लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि आदर ठेवूनच करतो. ते साम्याकडे फार लवकर पोचतात. ख्रिस्त आणि संत, शुभवर्तमान आणि अभंग यांच्यात पूल बांधताना नदीची रुंदी सांगायचं राहून जातं. शुभवर्तमानात क्रूस आहे, पुनरुत्थान आहे, देव माणूस झाला हा दावा आहे. हा दावा तुकोबांच्या विठ्ठलासारखा नाही. तो वेगळा आहे, आणि माझ्यासारख्याला तो पटत नाही. पण जो पटत नाही तोच मला ऐकायचा असतो! सारखेपणा मला ठाऊक आहे. कुंपणापलीकडच्या माणसाला मी विचारतो ते त्याच्याकडे काय वेगळं आहे म्हणून. ही तक्रार करताना मला कळतं की अल्पसंख्य समाजाचा लेखक, ज्याच्याकडे बोट दाखवायला लोक टपलेले आहेत, तो साम्यावर भर देणारच. मग ही उणीव एकट्या त्यांची राहत नाही, तिच्यात आपला, ऐकणाऱ्यांचा, वाटा मोठा आहे.

म्हणजे मांडणी अशी होते. स्टीफन्स भेद सांगतात, पण सत्तेच्या सावलीत. दिब्रिटो सत्तेशिवाय बोलतात, पण भेद मवाळ करतात. सत्तेशिवाय, आणि तरी भेद न लपवता सांगणं, हे कोणी केलंय का? माझ्या मते ते पुस्तकांपेक्षा प्रापंचिक माणसांनी जास्त केलंय.

एक उदाहरण देतो. मी शिकवत होतो त्या एका कॉलेजच्या कार्यालयात वसईकडच्या एक बाई होत्या. निकालपत्रकं त्यांच्या हातून जायची. एकदा वरून सांगणं आलं की एका मुलाचे चार गुण वाढवा. त्यांनी नकार दिला. पुढे त्यांची टेबलं बदलली, रजा अडल्या, ते सगळं झालं. एकदा चहाला मी सहज विचारलं, "बाई, चार गुणांसाठी एवढं का ओढवून घेतलंत?" त्या म्हणाल्या, "सर, संध्याकाळी पोरांना घेऊन जपमाळ करायला बसते. तिथं बसता यायला पाहिजे ना." मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला राहवेना. म्हटलं, "आणि जपमाळ नसती तर?" त्या हसल्या. "ते मला काय माहीत? आहे ना."

आता बघा, मी विचारलं नसतं तर काय झालं असतं? मी त्यांना हाडाची प्रामाणिक बाई म्हटलं असतं आणि माझं वर्णन चुकीचं राहिलं असतं. त्या प्रामाणिकपणाला एक कारण होतं, एक रोजची बैठक होती, आणि त्या बैठकीत समोर कोणीतरी होता. तो शब्द आला तेव्हा साक्ष पुरी झाली. मी ख्रिस्ती झालो नाही. त्यांचीही तशी अपेक्षा दिसली नाही. पण त्यांच्या श्रद्धेबद्दल मला एक खरी गोष्ट कळली, जी शंभर प्रवचनांतून कळली नसती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या पत्रात असंच एक चित्र रेखाटलं आहे. एक बाई बाजाराला जाते, शेजारीण भेटते, चहाड्या सुरू होतात आणि ही मनाशी ठरवते की मी कोणाचं वाईट बोलणार नाही. घरी येते, दमलेली असते, पण पोराला बोलायचं असतं, तर बसून त्याचं ऐकते. पावित्र्य ते एवढंच, एवढ्या छोट्या पावलांचं. मला हे लेखन आवडतं, कारण त्यात चमत्कार नाही आणि बाजाराची पिशवी आहे. पण त्याला माझी एक पुस्ती : त्या शेजारणीने विचारायला हवं की तू गप्प का झालीस? आणि या बाईने 'काही नाही गं' म्हणून टाळायला नको.

शेजाऱ्याचा प्रश्न नेहमी कौतुकाचाच असेल असंही नाही, हे सांगून ठेवतो. कोणी विचारील, तुमच्यात सगळी देवाची लेकरं, मग दलित ख्रिस्ती माणूस वेगळा का पडला? हा प्रश्न टोचणारा आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे हे मान्य केलं. मला ती कबुली कुठल्याही गोड लेखापेक्षा मोठी साक्ष वाटते. जसं आहे तसं सांगण्याची इच्छा, हे आप्ताचं लक्षण आहे, आणि त्यात स्वतःविरुद्ध बोलणंही आलं. जो समाज आपल्या विसंगतीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्या इतर उत्तरांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

शेवटाकडे येतो. श्रोत्यांत कॅथलिक मंडळी असतील. त्यांना माझी विनंती आहे की आम्ही विचारू तेव्हा आमच्या सोयीचं उत्तर देऊ नका. सगळे धर्म सारखेच, असं म्हणून आम्हाला वाटेला लावू नका. तुमचं जे आहे ते सांगा. पटलं नाही तर आम्ही नाही म्हणू आणि तरीही चहा एकत्रच घेऊ.

आणि आपण बाकीचे, जे बहुसंख्य आहोत, त्यांना थोडं जास्त सांगायचं आहे. कोणी आपली श्रद्धा सांगू लागला की हल्ली आपण लगेच विचारतो, याचा हेतू काय? हेतू तपासणं कधी कधी गरजेचं असतं, हे मी स्टीफन्सच्या संदर्भात स्वतःच केलं. पण रोजच्या ओळखीच्या माणसाबाबत तोच पहिला प्रश्न झाला, तर दुसरा प्रश्न आपण कधी विचारणारच नाही. आपल्या इमारतीत, कचेरीत कोणी ख्रिस्ती कुटुंब असेल. नाताळचा केक आपण खातो. उपवासकाळात ते चाळीस दिवस काय सोडतात, आणि का, हे कधी विचारलंय? गुड फ्रायडेला त्यांच्या घरी शांतता का असते, हे विचारलंय?

साक्षीदार कितीही खरा असला, तरी कोणी विचारल्याशिवाय त्याची साक्ष होत नाही. विचारणं हे आपल्याकडे आलेलं काम आहे.

इथे थांबतो. शंका असतील तर जरूर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर तसं सांगा.